घरच्या घरी अंडी उबवणी : पेटी शीवला, खुडूक कोंबडी कोकणात

आमच्या शीवमध्ये एखाद्याने नवा धंदा काढला की महिनाभरात गल्लीतल्या चौघांना तोच धंदा करावासा वाटू लागतो. मोबाईल दुरुस्तीचे तसेच झाले, बिर्याणीच्या डब्यांचेही तसेच झाले. आता हवा आहे ती अंडी उबवण्याच्या पेटीची. मोबाईलवर दोन मिनिटांची फिल्म येते. पेटीत पन्नास-साठ अंडी, वर लुकलुकणारा आकडा, आणि शेवटी चिवचिवणारी पिल्ले. खाली पेटीची किंमत आणि 'घरबसल्या कमवा' ही ओळ. गेल्या काही महिन्यांत तिघांनी मला विचारले, "भाई, घेऊ का?" एक जरीकाम करणारा, दुसरा चामड्याच्या बॅगा शिवणारा, तिसरा फ्रीज दुरुस्त करणारा. तिघांचीही शिल्लक बेताची. ती बुडाली तर मुलांच्या फीचे पैसे बुडाले असे समजा. मी स्वतः हा उद्योग हौसेने सुरू केला, त्यात मार खाल्ला, मग थोडा शिकलो. तिघांना वेगवेगळे सांगण्यापेक्षा इथेच लिहावे म्हटले.

सर्वांत आधी एक गोष्ट. किराणा दुकानातले पांढरे अंडे कितीही उबवले तरी त्यातून पिल्लू निघत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या फार्मवर कोंबडा ठेवतच नाहीत. कोंबडी कोंबड्याविनाही अंडे देते, पण ते फळलेले नसते. हे सांगायची गरज पडावी याचे नवल वाटेल. पण वर सांगितलेल्या तिघांपैकी दोघांनी पेटीचा भाव काढला होता आणि अंडी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचे ठरवले होते. उबवायला अंडी हवीत ती आठ-दहा कोंबड्यांमागे एक तगडा कोंबडा असलेल्या कळपातली. अशी अंडी गावाकडे मिळतात. राज्य सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. मुंबईकरांसाठी गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. अंडी, पिल्ले किंवा प्रशिक्षण यांपैकी सध्या काय मिळते, हे जाण्यापूर्वी फोन करून विचारावे. नाहीतर फेरी फुकट जाते.

नानीची रवण

माझी नानी म्हसळा तालुक्यातली. तिच्याकडे पेटीही नव्हती आणि थर्मामीटरही नव्हते. कोंबडी बारा-पंधरा अंडी देऊन झाली की एक दिवस जागा सोडेनाशी होते. हात लावला की पिसे फुलवते, 'कुर्र' करते, चोच मारते. ही कोंबडी खुडूक झाली. नानी जुन्या पाटीत चुलीची राख पसरी, त्यावर भाताचा पेंढा, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर कोंबडीला रवणीला बसवी. राखेमुळे उवा-पिसवा कमी होतात आणि अंधारात कोंबडी शांत राहते. या दोन्ही गोष्टी आजचे पशुवैद्यही सांगतात. विजांच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून ती पाटीत कोळशाचा तुकडाही ठेवी. त्यात तथ्य किती हे मी सांगत नाही, पण कोळसा फुकट होता.

खुडूकपणा हा आजार नव्हे. कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते, अंडी देणे थांबते आणि उबवण्याची ओढ लागते. हे २१ दिवस कोंबडी दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटे उठते. दाणा खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते आणि परत येते. अंडी ती स्वतःच चोचीने उलटवते. उष्णता, दमटपणा, उलटणे ही तिन्ही कामे ती बिनपगारी करते. दाणा-पाणी मात्र तिच्या हाताशी ठेवावे, नाहीतर लांब भटकते आणि अंडी गार पडतात.

मग पेटी हवी कशाला? कारण देशी कोंबडीच्या पोटाखाली तिच्याच आकाराची दहा-बारा अंडीच नीट मावतात. वर्षाला ती साधारण ५० ते ८० अंडी देते, आणि उबवणी व पिल्ले सांभाळण्याचे दोन-अडीच महिने अंडे देतच नाही. शिवाय तुम्हाला हवी तेव्हा ती खुडूक होत नाही. ज्या जाती अंड्यांसाठी सुधारल्या, त्यांच्यातला खुडूकपणा माणसाने निवड करकरून घालवला आहे. लेगहॉर्न बसत नाही, हैदराबादच्या संशोधन संस्थेने तयार केलेली वनराजा सहसा बसत नाही, आणि कडकनाथही आई म्हणून कच्चीच. बसणारी कोंबडी म्हणजे आपली गावठी आणि असील. असीलची माया जबरदस्त असते, मांजरसुद्धा तिच्या वाटेला जात नाही.

मिसरचे कारागीर

उबवणी यंत्र ही युरोपची देणगी असे पेटी विकणारे सांगतात. ते खरे नव्हे. इजिप्तमध्ये, म्हणजे मिसरमध्ये, दोन हजारांहून अधिक वर्षांपासून कच्च्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकाच वेळी उबवली जात. बाराव्या शतकाच्या अखेरीस तिथे गेलेले बगदादचे हकीम अब्दुल लतीफ यांनी या भट्ट्यांचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले आहे. नाईलच्या मुखाकडच्या बर्मा गावचे लोक या कामात तरबेज होते आणि हुन्नर बापाकडून मुलाकडे जाई. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हते. अंडे पापणीला लावायचे आणि ऊब ओळखायची. अठराव्या शतकात फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने ही विद्या आपल्या देशात आणण्याचा बराच खटाटोप केला.

व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट त्यांच्या सौद्यात आहे. आसपासचे लोक अंडी आणून देत, आणि भट्टीवाला त्यांना तीन अंड्यांमागे दोन पिल्ले परत करी. त्याहून जास्त निघाली तर ती त्याची, कमी निघाली तर तोटाही त्याचाच. म्हणजे दोनतृतीयांश पिल्ले निघणे हा कसबी माणसाचा रिवाज होता. आज कोणी तुम्हाला घरगुती पेटीत 'शंभरातून पंच्याण्णव' सांगत असेल, तर त्याला बर्माचे भट्टीवाले दाखवा.

पेटीत काय सांभाळायचे

पंखा असलेल्या पेटीत ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सियस. बिनपंख्याच्या पेटीत गरम हवा वर जाते, म्हणून अंड्यांच्या वरच्या कडेला मोजून सुमारे ३८.५ ते ३९ अंश. पहिले १८ दिवस दमटपणा ५० ते ६० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के. अंडी दिवसातून किमान तीन वेळा, शक्यतो पाच वेळा उलटायची. वेळा विषम ठेवायच्या, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज त्याच अंगावर पडत नाही. अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढा. अठराव्या दिवसानंतर उलटणे बंद आणि झाकण बंद. या तीन दिवसांत मुले 'एकदाच बघू द्या' म्हणतात. नाही म्हणा. झाकण उघडले की दमटपणा पळतो, कवचाखालचा पडदा वाळतो आणि पिल्लू आत अडकते.

सातव्या दिवशी रात्री दिवे घालवून अंडे टॉर्चवर धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर जीव आहे. नुसते स्वच्छ पिवळे दिसले तर अंडे फळलेलेच नव्हते. रक्ताचे कडे दिसले तर जीव होता, पण मेला. शेवटची दोन्ही काढून टाका. आत सडलेले अंडे फुटले तर अख्खी पेटी नासते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तो वास काय असतो हे घरच्यांना विचारा.

आता माझी फजिती. पहिल्या खेपेला मी ३० अंडी ठेवली. गावाहून एसटीने आणलेली, ताजी. पेटीवरचा आकडा ३७.७ दाखवत होता. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला, तेविसाव्या दिवशी चार पिल्ले निघाली आणि त्यांतली दोन लंगडी. बाकीच्या अंड्यांत पूर्ण वाढलेली, पण मेलेली पिल्ले होती. दोष पेटीच्या थर्मामीटरचा. तो सव्वा अंश जास्त दाखवत होता, म्हणजे अंड्यांना ऊब कमी मिळत होती. विकणाऱ्याने 'तुम्ही झाकण उघडले असेल' म्हणून हात झटकले. त्यानंतर मी शिकलो की नव्या पेटीचा आकडा खरा मानायचाच नाही. कोमट पाण्याच्या पेल्यात डॉक्टरी थर्मामीटर आणि पेटीच्या थर्मामीटरचे टोक एकत्र बुडवा, पाणी ३८ अंशांच्या आसपास असू द्या आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. फरक कागदावर लिहून पेटीवर चिकटवा. मग पेटी रिकामीच एक रात्र चालवा आणि नंतरच अंडी ठेवा. अंडी उशिरा फुटली तर ऊब कमी पडली, एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच फुटू लागली तर जास्त झाली, हा ठोकताळाही ध्यानात असावा.

शीवची हवा

पुस्तकातले आकडे थंड मुलुखातले असतात. मुंबईत दोन गोष्टी वेगळ्या होतात.

पहिली साठवणीची. उबवायची अंडी १५ ते १८ अंशांवर, निमुळते टोक खाली करून, फार तर आठवडाभर ठेवता येतात. आपल्या खोलीत मे महिन्यात ३३-३४ अंश असते. एवढ्या उष्णतेत अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. फ्रीजमध्ये ठेवावे तर ती थंडी फार होते. म्हणून उन्हाळ्यात तीन-चार दिवसांहून जुनी अंडी घेऊ नयेत. प्रवासातून आलेली अंडी काही तास स्थिर ठेवून मग पेटीत लावावीत. अंडी धुवू नका. धुतले की कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि जंतू आत शिरतात. मळलेले अंडे घेऊच नये हे बरे.

दुसरी दमटपणाची. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली. त्यात पेटीतल्या ताटलीत पाणी भरत राहिले तर अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही आणि पिल्लू आतल्या आत गुदमरते. पावसाळ्यात पहिले १८ दिवस मी ताटली जवळजवळ कोरडीच ठेवतो. याची परीक्षा आपल्या सोनार-जरीवाल्या बंधूंना सहज करता येईल, कारण त्यांच्याकडे बारीक काटा असतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन ११ ते १४ टक्के घटले पाहिजे. ५० ग्रॅमचे अंडे ४४ ग्रॅमच्या आसपास आले तर हवा बरोबर. ४७ वरच अडकले तर पाणी काढा, ४२ वर घसरले तर पाणी वाढवा. दमटपणा दाखवणाऱ्या स्वस्त घड्याळांपेक्षा काट्यावर माझा जास्त विश्वास आहे.

विजेचे म्हणाल तर शीवपर्यंत बेस्टचा पुरवठा, आणि तो क्वचितच जातो. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी अख्खी मुंबई बंद पडली होती, लोकलसुद्धा. माझ्या पेटीतली अंडी तेव्हा पंधराव्या दिवसावर होती. झाकण न उघडता पेटीवर दोन गोधड्या टाकल्या आणि बसून राहिलो. दुपारी वीज आली. पिल्ले एक दिवस उशिरा निघाली, पण निघाली. थोडा वेळ गार पडणे अंडी सोसतात, कारण मोठी झालेली पिल्ले स्वतःही ऊब देतात. जास्त तापणे मात्र सोसत नाहीत. थर्मोस्टॅट अडकून पेटी ४० अंशांच्या वर काही तास राहिली तर सगळे संपते. गांधी मार्केटच्या बाजूला किंवा रोड नंबर २४ वर तळमजल्याला राहणाऱ्यांनी पेटी जमिनीवर ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

हिशेब

भाव रोज बदलतात, म्हणून आकडे समजुतीपुरते धरा आणि तुमचे घालून बघा. समजा ६० फळलेली अंडी १२ रुपयांनी आणली, झाले ७२०. हीटर १०० वॉटचा आणि तो निम्मा वेळ चालू धरला तर दिवसाला १.२ युनिट, २१ दिवसांचे सुमारे २५ युनिट. युनिट ८ रुपये धरले तर २००. एकूण ९२०. मिसरच्या हिशेबाने ४० पिल्ले निघाली तर पिल्लू २३ रुपयांना पडले. २४च निघाली तर ३८ रुपयांना. यात पेटीची झीज, गाडीभाडे आणि तुमची मेहनत धरलेली नाही. पेटी महाग की स्वस्त यावर नफा ठरत नाही, चांगल्या अंड्यावर आणि निघणाऱ्या पिल्लांवर ठरतो. पहिल्या दोन-तीन खेपांत कमाईची अपेक्षाच करू नये. त्याला शिकण्याची फी समजावे.

आणि पिल्ले वाढवायची कुठे? शीवच्या चाळीत किंवा इमारतीत ती वाढवणे हा धंदा नव्हे, भांडण आहे. वास येतो, मांजरी येतात, आणि दीड-दोन महिन्यांनी कोंबडे बांग देऊ लागले की सोसायटीची नोटीस येते. शिवाय पक्षी पाळणे आणि विकणे याला महापालिकेचे नियम लागू होतात. शीवच्या बऱ्याच भागासाठी एफ-उत्तर वॉर्डाच्या ऑफिसात जाऊन आधी विचारून घ्यावे.

पण कुदरतीने एक सोय करून ठेवली आहे. पिल्लू बाहेर येण्याआधी बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन दिवस, गरज पडली तर तिसराही दिवस, दाण्या-पाण्याविना तगते. त्यामुळे एक दिवसाचे पिल्लू भोके पाडलेल्या खोक्यातून पाठवता येते. शीव-पनवेल रस्ता आपल्या दारातून जातो. रात्री निघालेले खोके सकाळी माणगाव, महाड, खेड, चिपळूणला पोचते. आणि इथे नानीची खुडूक कोंबडी परत कामाला येते. तिला पाच-सात अंडी देऊन बसवायचे. पेटीची आणि तिची तारीख जुळवायची. तिची पिल्ले निघाली त्याच रात्री, अंधारात, पेटीतली दहा-बारा पिल्ले हळूच तिच्या पोटाखाली सारायची. सकाळी तिला सगळी आपलीच वाटतात. पिल्ले मात्र एक-दोन दिवसांचीच हवीत. मोठी पिल्ले ती ओळखते आणि टोचते. असे केले की पहिल्या आठवड्यात ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करत न्यायची, ती बल्बखालची कटकट आणि वीज दोन्ही वाचतात.

गावाकडे कोंबडी अर्धलीने देण्याची पद्धत जुनी आहे. एकाची कोंबडी, दुसऱ्याची राखण, पिल्ले निम्मी निम्मी. शीवचा पेटीवाला आणि गावची खाला यांच्यात असाच सौदा होऊ शकतो. व्याज नाही, कर्ज नाही. फक्त मेलेली पिल्ले कोणाच्या खात्यात, हे आधी कागदावर लिहा. नात्यात कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांचीच भांडणे पुढे जमातीसमोर येतात. दुसऱ्याची अंडी उबवून देणार असाल तर दर जिवंत पिल्लावर ठरवा, ठेवलेल्या अंड्यावर नको. गिऱ्हाईक टिकते.

फ्रीजवाल्याने काय करावे

माझ्या मते त्या तिघांत खरा धंदा फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचा आहे, आणि तो पिल्लांचा नव्हे, पेट्यांचा. भंगारातल्या फ्रीजचे कपाट ऊब धरून ठेवते. त्यात हीटर, छोटा पंखा, तापमान राखणारे सर्किट (लॅमिंग्टन रोडवर 'डब्ल्यू १२०९' म्हणून मागतात), आणि पहिले सर्किट अडकले तर वीज तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट. हा दुसरा थर्मोस्टॅट बहुतेक स्वस्त पेट्यांत नसतो आणि अंडी तिथेच उकडतात. मासळीच्या थर्मोकोल पेटीत साधा बल्ब लावूनही छोटी पेटी होते. पिवळ्या तारेचे बल्ब आता शोधावे लागतात आणि एलईडी ऊब देत नाही, म्हणून सिरॅमिक हीटर बरा. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग हवेच, कारण आत ओल असते. धारावीत पत्रा कापणारा, तार गुंडाळणारा, जाळी वाकवणारा हाकेच्या अंतरावर आहे. पेटी विकून वर दुरुस्तीची हमी देणारा माणूस मात्र फिल्ममध्ये दिसत नाही.

हमीवरून आठवले. 'अंडी आम्हीच परत विकत घेऊ' असे सांगणाऱ्यापासून लांब राहा. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीने कडकनाथ कोंबड्या देऊन अंडी-पक्षी चढ्या भावाने परत घेण्याचे वचन दिले होते. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले. कोंबडी खोटी नव्हती. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. खोटा होता तो भाव. जो माल विकत घेणारा एकच आहे, त्याचा भाव तोच ठरवतो आणि तोच पाडतो. गावठी कोंबडीला कोकणात आणि मुंबईत गिऱ्हाईक आहे, पण ते रोख घेणारे, पाच-दहा नग नेणारे. वनराजासारख्या संकरित पक्ष्यांची अंडी उबवून 'वनराजा' म्हणून विकू नका. पुढची पिढी तशी निघत नाही, आणि विकणाऱ्याची जबान जाते.

रोगाचे दोन शब्द. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर गावातला कळप आठ दिवसांत आडवा होतो. पहिल्या आठवड्यात पाचव्या ते सातव्या दिवशी 'लासोटा' लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पुढची लस, हे चुकवू नये. लस बर्फातून न्यावी लागते. उन्हात नेलेली लस म्हणजे नुसते पाणी. बर्ड फ्लू २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात आला, तेव्हा आसपासचे सगळे पक्षी नष्ट करावे लागले. म्हणून पक्षी अचानक पटापट मरू लागले तर मेलेले विकू नका, खाऊ नका, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मुंबईकरांना सल्ल्यासाठी परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. १८८६ पासूनची ती संस्था, शीवहून अर्ध्या तासाची वाट.

जरीवाल्या बंधूने तूर्त पेटी घेतलेली नाही. त्याने गावच्या बहिणीला दोन गावठी कोंबड्या आणि एक असील घेऊन दिली आहे. फ्रीजवाल्याची पहिली पेटी माझ्याकडे चाचणीला आहे. त्यात ४० अंडी लावली आहेत, आज नववा दिवस. टॉर्चवर ३३ मध्ये शिरा दिसल्या.